उजेडापुरता

विनिपेगहून सात जण आले दोन व्हॅन घेऊन,
आमचं स्वयंपाकघर चार दिवस भाड्यानं मागत.
टाटो – आमच्यात बापाला टाटो म्हणतात – म्हणाले, किती देणार?
आकडा ऐकून म्हणाले, बूट बाहेर काढा.

सिनेमा छोटा होता, कर्ज काढून केलेला.
खेड्यातल्या एका पोराचा,
ज्याला पोरगाच आवडतो.
हे गावात कुणी मोठ्यानं बोललं नाही.
को-ऑपच्या काउंटरवर फक्त एवढंच :
'ओरेस्टकडे ते कसलंसं शूटिंग चाललंय म्हणे.'
कसलंसं.
या शब्दात मी सतरा वर्षं राहत होतो.

मुख्य नट माझ्याच उंचीचा.
तो व्हॅनमध्ये ऊब घेत असेल तेव्हा
त्याच्या जागी बसशील का, त्यांनी विचारलं.
बोलायचं काही नाही,
तोंडावर उजेड कसा पडतो तेवढं बघायचंय.
बोलायचं काही नाही म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.
त्या कामाचा मला सराव होता.

दुसऱ्या दिवशी बाहेर उणे एकतीस.
बापाचं काम करणारा म्हातारा नट
हायवेवर बर्फात अडकलेला.
कॅमेरावाल्या ओडेटनं इकडेतिकडे पाहिलं :
मिस्टर हावरिल्युक, पाच मिनिटं बसता का?
टाटोंनी टोपी काढली. परत घातली. परत काढली.
आणि बसले, स्वतःच्याच खुर्चीत,
पाहुण्यासारखे.

पाच मिनिटांची चाळीस झाली.
कुणी दिवा सरकवतंय, कुणी खिडकीला काळं कापड लावतंय.
आमच्यामध्ये टेबल, टेबलावर बिटाच्या सुपाचा वाडगा
(सूप नव्हतं, रंगीत पाणी होतं)
आणि शेजारी संहितेची उघडी पानं.
टाटोंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही.
चष्मा त्यांच्या खिशात होता.
मी त्या खिशाकडे बघत होतो.

एक मुलगी टेप घेऊन आली.
भिंगापासून माझ्या नाकापर्यंत मोजलं,
मग, कशासाठी कोण जाणे, माझ्यापासून त्यांच्यापर्यंत.
'एकशे बारा सेंटिमीटर,' ती ओरडली.
कुणीतरी लिहून घेतलं.

मला कोल्टनचा हातमोजा आठवत होता,
कर्लिंग रिंकच्या मागे माझ्याकडे राहिलेला, डाव्या हाताचा.
कुणाला संशय नको म्हणून
तो मी गुरांना चारा घालताना घालायचो.
माझ्याकडे दोन डावे मोजे कसे,
आईनं कधी विचारलं नाही.
फाटला तेव्हा शिवून दिला.

तेवढ्यात टाटो, ओठ फारसे न हलवता :
'यात तो बाप काय म्हणतो?'
काही नाही.
'काहीच नाही?'
उठतो. कोट घालतो. गुरांना चारा घालायला जातो.

टाटोंनी खिडकीकडे पाहिलं, काळ्या कापडाकडे.
'रात्रीच्या जेवणाच्या वेळी?
गुरांचं तर चारलाच उरकलेलं असतं.'

मग बराच वेळ नुसती दिव्यांची घरघर.

'खोटं आहे ते,' टाटो म्हणाले.
'लिहिणाऱ्याला सांग, नेस्टर.
बापाला त्या वेळी बाहेर काही काम नसतं.'

(मी सांगितलं नाही.
सिनेमात तो बाप अजून बाहेरच जातो.)

ओडेट म्हणाली, झालं, मिळाला उजेड, उठा दोघंही.
म्हातारा नट दारात उभा, भुवयांवर बर्फ.
मी उठलो.
टाटो उठेनात.
'थांबा जरा,' म्हणाले,
आणि खिशात हात घातला.