अर्थिंग

फुलेवाडी नाक्यावर रात्री साडेनऊला
बाळगोंडा मगदूमची दहाचाकी येऊन थांबली,
एक डोळा उघडा, दुसरा मिचकावत.
"गांधीनगरातनं नव्या लाईटी आणल्या. पांढऱ्याफेक.
भाच्यानं मोबाईलवर बघून बसवल्या.
आता हॉर्न दाबला की दोन्ही विझायला येत्यात,
आन् उजवा सिग्नल दिला
की मीटरमधी नुसती जत्रा."
मग पाटी वाचून, "हुसेनमामा कुठं हाईत?"

अब्बा आत, खुर्चीत. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
परवाच मोतीबिंदू काढलाय,
उजेडाकडं बघायचं नाही म्हणून
पाठ गाडीकडं, तोंड भिंतीकडं.
कान मात्र इकडंच.

पुढची जाळी उघडली.
भाचा लगेच भेटला:
तीन रंगांची टेप, शेंड्या पिळून जोडलेल्या तारा,
आणि फ्यूजच्या जागी
सिगरेटच्या पाकिटातली चांदी.
आधी ती काढली, बोलले काहीच नाही.
बॅटरी बरोबर. स्विच बरोबर.
कपलरपर्यंत करंट हजर,
पहिल्या बाकावरच्या पोरासारखा.
दिव्याची मात्र मिचमिच.
रिले बदलला. तेच.
डावा दिवा उजवीकडं नेला, उजवा डावीकडं;
आजार जागचा हलला नाही.

मागं शिरोलीच्या फाउंड्रीतलं नऊ टन कास्टिंग,
सकाळी सातला कणकवलीत उतरवायचं.
मधे गगनबावड्याचं धुकं,
मग करूळची वळणं.
बाळगोंडा घड्याळाकडं बघत नव्हता,
म्हणजे फारच बघत होता.

अब्बा भिंतीला म्हणाले,
"रिले टिकटिकतोय, ऐक.
करंट जातोय गं.
परत येत नाहीय."

परत.
एक मोकळी तार घेतली,
एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला,
दुसरं दिव्याच्या काळ्या तारेला टेकवलं,
आणि रस्त्यापलीकडचं रसवंतीचं बंद शटर
एकदम दुपारसारखं पांढरं झालं.
भिंतीवरून परतलेला उजेड लागला असावा,
अब्बांनी मान आणखी खाली घातली.
मी पटकन तार काढली. "सॉरी अब्बा."
"माझं ऱ्हाऊ दे. बोल्ट बघ."

बोल्ट होता नव्या केशरी रंगावर.
दसऱ्याला आख्खी गाडी रंगवलेली,
हौसेनं, चेसिसच्या कोपऱ्याकोपऱ्यात.
पत्र्याला लोखंड भेटतच नव्हतं.
करंट बिचारा घरी जायला
सिग्नलच्या बल्बातनं, मीटरच्या दिव्यातनं,
दिसेल त्याच्या परसातनं वाट काढत होता.

कानस लावली. केशरी उडाला.
खाली निळा.
बाळगोंडा वाकला. "निळा?"
अजून दोन हात. निळ्याखाली हिरवा.
"घेताना सांगितलं, पहिल्यापासनं केशरीच.
एकहाती गाडी. एकच मालक."
मी हात थांबवून त्याच्याकडं बघितलं.
तो काही बोलला नाही.
मग रुपयाएवढंच खरवडलं,
चकचकीत लोखंड लागेपर्यंत.
दातेरी वॉशर, बोल्ट, वर ग्रीसचं बोट.
स्टार्टर. हॉर्न. उजवा सिग्नल. डिपर.
सगळं आपापल्या घरी.

"आता तोंडं जरा खाली करते लाईटींची."
"नको, लांबचं दिसाय पायजे."
"समोरनं येणाऱ्याचंबी," आतून अब्बा,
"ऑपरेशन झालं असंल."
शटरवर खडूची रेघ होतीच, कधीची,
तिच्यापर्यंत उजेड उतरवला.

"एका बोल्टाचे तीनशे?"
"बोल्टाचे वीस. शोधायचे बाकीचे."
मोजून दिले, एक नोट दोनदा मोजली.
केबिनमध्ये चढला, पुन्हा उतरला,
मोबाईलची बॅटरी मारून जाळीतनं वाकला.
वॉशरच्या कडेनं निळ्याचं एक कडं उरलं होतं,
बांगडीएवढं बारीक.
"बरा होता की रंग," म्हणाला,
आणि बालिंग्याच्या बाजूला गेला.