सुनावणी

कोर्टासमोर, जुन्या सीबीएसच्या कडेला
माझं टेबल. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वर छत्री.
पानाचे वीस रुपये.
मतांचे काही घेत नाही.
मतं इथे सगळेच फुकट देऊन जातात,
मी फक्त हात थांबवून विचारते,
हे तक्रारीत घालायचं, की नुसतं सांगताय?

यादवराव सोनजे आले ते मंगळवारी.
नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं, आता जेल रोडला घरी.
पिशवीतून डबी काढली, डबीतून कापूस,
कापसातून शेंगदाण्याएवढं यंत्र.
साडेअठ्ठावीस हजार, म्हणाले, एका कानाचे.
दुसऱ्यासाठी पैसे नव्हते,
म्हणून जगाचं अर्धंच ऐकायचं ठरवलं होतं.

हमी बारा महिने.
यंत्र बंद पडलं तेराव्यात, सहाव्या दिवशी.
"आमच्याकडे कागद एक कमी भरला ना, बाई,
तर फाटक उघडायचं नाही, रात्र झाली तरी.
आणि हे म्हणतात, सहा दिवस झाले काका,
आता आमच्या हातात काही नाही."
हे लिहू?
"लिहा. फाटकाचं नका लिहू."

कंपनीला फोन केला होता का?
केला होता. मराठीसाठी तीन दाबा, म्हणाली,
हे नातवाने सांगितलं. तीन दाबलं.
पुढे ती काय बोलली ते ऐकू आलं असतं
तर फोन कशाला केला असता?

मग राजकारण. ते येतंच, अर्ज कुठलाही असो.
निवडणुकीत भोंग्याच्या रिक्षा गल्लीत शिरल्या
की यंत्र काढून ठेवायचो, म्हणाले.
उमेदवार दारात आला, हात जोडून ओठ हलवत राहिला,
मी मान हलवत राहिलो,
दोघांचंही समाधान.
आता निवडून आलाय, आता ऐकावं म्हटलं काय म्हणतो,
तर यंत्र बंद.
आणि तोही.
हे?
"हे राहू द्या."

साइटवर अर्ज चढवला
तर माझ्या जुन्या फॉन्टमधली नुकसानभरपाई फुटली.
कागदावर शाबूत, पडद्यावर नुसते चौकोन.
सगळं पुन्हा टाइप केलं. त्याचे पैसे लावले नाहीत.
माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगते:
रांग काही गेलेली नाही,
रांगेतली माणसं एकमेकांना दिसत नाहीत, एवढंच.

पैसे द्यायला कोडची पाटी पुढे केली.
त्यांनी ती बाजूला सरकवली, खिशातून नोट काढली,
आधी स्वतःच उजेडात धरली,
कडेवरून अंगठा फिरवला.
"कापणी जरा तिरकी गेलीय," पुटपुटले,
आणि दिली.

तीन तारखा पडल्या. चौथी ऑनलाइन निघाली.
त्यांच्या मोबाइलचा पडदा तडकलेला,
म्हणून माझ्याच टेबलावर.
खुर्ची त्यांना, हेडफोन मला.
वर आयोग, खाली कंपनीचा वकील, कोपऱ्यात आम्ही,
आमच्या मागे चहावाला आणि सिटीलिंकची बस.
आयोगातल्या बाईंनी विचारलं,
"तक्रारदार, आवाज येतोय का?"

यादवराव माझ्याकडे बघत राहिले.
मी रद्दी कागदाच्या पाठीवर लिहिलं,
आवाज येतोय का, असं विचारतायत.
त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, लावला.
"नाही," म्हणाले, जरुरीपेक्षा मोठ्याने,
"तीच तर तक्रार आहे."

कुणी हसलं की नेट अडकलं, कळलं नाही,
सगळे तोंड उघडं ठेवून थांबले होते.
मग वकिलाने पुढची तारीख मागितली.
मिळाली.

काय ठरलं, त्यांनी विचारलं.
चिठ्ठीवर लिहून दिलं: एकोणीस, दुपारी अडीच.
चिठ्ठी त्यांनी डबीत ठेवली, कापसाखाली,
पिशवी काखेत मारली
आणि हॉर्न वाजवणाऱ्या आख्ख्या सीबीएसला
एक हात दाखवून थांबवलं,
सावकाश पलीकडे गेले.