डोळ्यापाशी थांबलेली रेघ

बारबारच्या बागेत एप्रिल संपताना तुती पिकते,
म्हणून अबू राशिदनं झाडावर जाळं टाकलेलं.
पहाटे पाइप जोडायला गेलो
तर त्यात एक हळद्या, उलटा,
चोच लाल.
रस की रक्त, कळेना.

मला वाटलं, आपलाच. दापोलीचा,
मामाच्या आंब्यावरून शीळ घालणारा.
नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा तोडत
त्याच्याशी मराठीतच बोललो.
करकचून चावला.

मग डोळा पाहिला.
आपल्याकडच्याची काळी रेघ डोळ्याच्या मागे उतरते,
काजळ पसरल्यासारखी.
याची डोळ्यापाशीच थांबलेली.
हा आफ्रिकेतून निघालेला,
वर कुठल्याशा थंड रानात
फांदीच्या बेचक्यात घरटं टांगणारा.
दापोलीशी याचं काही नातं नाही.
माझ्याशीही.

तरी दोन लिंबांएवढं वजन
तळहातावर जरा वेळ बसून राहिलं.
मग उडाला, थेट समुद्राकडे,
शीळ न घालता.

अबू राशिदला भोक दाखवलं.
म्हणाला, शिवून टाक.
मी म्हटलं, सुई शोधतो.

मेअखेर सापडेल.