मनी

रात्री अडीचला आई उठते,
पदर डोक्यावर घेते,
दाराची कडी चाचपते आणि म्हणते,
मनीगे होगूनू.

घरी जाऊया.
घरातच उभी राहून.

वडगावच्या या गल्लीत पंचावन्न वर्षं
तिनं कांड्या भरल्या, चार मागांच्या खडखडाटात
मराठीतच रागावली, मराठीतच उपास मोजले.
संपगावहून आली तेव्हा नीलव्वा होती.
तांदळात अंगठीनं लिहून तिची सुशीला केली.
आता सुशीला म्हटलं की ती मागं वळून बघते,
कोण बाई आलीय म्हणून.

मराठी उतरत गेली तिच्यातनं
कच्च्या रंगाच्या किनारीसारखी, धुण्याधुण्याला.
आधी नातवंडांची नावं, मग वार, मग मी.
खाली जे राहिलं ते पक्कं होतं,
खरं मला ते येत नव्हतं.

नी यार? ती विचारते.
मी परशराम.
ती मान डोलवते, सभ्यपणे,
एसटीत शेजारी बसलेल्याला डोलवावी तशी.

भाऊ पुण्याहून पैसे पाठवतो, आणि व्हिडिओ:
अक्रोड द्या, कोडी सोडवून घ्या.
मामेबहीण म्हणते, बाईमाणूस नाही काय रे घरात?
नाही. मीच न्हाऊ घालतो.
पहिल्यांदा डोळे मिटून घातलं,
साबण तिच्या डोळ्यात गेला.
आता उघडे ठेवतो.

दवाखान्याच्या फॉर्मवर रकाना होता, रुग्णाची भाषा.
पेन तिथंच थांबलं.
मागचा माणूस म्हणाला, आटपा की लवकर.
याच हातानं विसाव्या वर्षी डांबराचा डबा धरला होता
एका पाटीखाली.
पाटीवर काय लिहिलेलं,
ते तेव्हाही वाचता येत नव्हतं.

शेजारच्या इरव्वा कम्मारला मी बोलावलं नव्हतं.
भिंतीपलीकडनं रात्रीचं ऐकत होती म्हणे.
एका मंगळवारी स्वतःचं पीठ, स्वतःची परात घेऊन आली,
आईसमोर बसून मळायला लागली,
आणि दोघी बोलत सुटल्या
कुणाच्या तरी म्हशीबद्दल, बहुतेक.
आई हसली.
तो आवाज दोन वर्षांनी ऐकला
आणि मी मागाजवळ भुईवरच झोपून गेलो.

उठलो तर चार भाकऱ्या झाकलेल्या,
इरव्वा दारात चप्पल शोधत.
वळून म्हणाली, निंदू ऊटा आत?

सगळे विचारतात, आई कशी आहे.
तुझं जेवण झालं काय, हे कुणी नाही.
कळायला मला भाषा लागली नाही.
उत्तराला लागली असती.
मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी धूत राहिलो.

आई खासबागेच्या वळणावर एकदा सापडली,
बैलहोंगलची गाडी विचारत.
बंदेनवाजनं रिक्षातनं आणून सोडली, भाडं घेतलं नाही.
माझे अब्बा तर मलाच भाडं विचारायचे, म्हणाला.
आणि थोडं थांबून, रात्री फोन चालू असतो माझा.

इरव्वा सांगते, मी मागाच्या हिशेबाच्या वहीत लिहितो:
नीरू, पाणी.
बा, ये.
साकू, पुरे.
हेदरबॅडा, भिऊ नको.
मनी, घर.

इथं रोज अडतो मी.
माझ्याकडं मनी म्हणजे मनात.
कुठं जायचं म्हणते ही, रात्री अडीचला?
पत्ता एकच असेल
तर रिक्षा कुणाची बोलवू?

कडी वाजते.
आता अडवत नाही. दोघांच्या चपला काढतो.
कम्मारांच्या खिडकीखालनं हळू,
पिठाच्या गिरणीपर्यंत, मग वळून परत.
आमच्याच दारात थांबून सांगतो,
मनी बंतू.
घर आलं.

ती माझ्याकडं बघते, पोराकडं बघावं तशी.
बंतू नव्हं, म्हणते. बंत.

आणि उंबरा ओलांडते.
घर ओळखलं की नुसती माझी चूक,
मी विचारलं नाही.