चहाच्या डागाएवढी टेकडी

बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत माझं बाइंडिंगचं दुकान.
देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या
की वाडग्यातल्या खळीवरची साय थरथरते.
गिऱ्हाईक दचकतं. मी घड्याळ लावून घेतो.

वाचनालयाचा भिकचंद गोणीतून पुस्तकं आणतो.
मी वाचत नाही; वाचत बसलो तर शिवणार कधी?
पण बोटांना कळतं पुस्तक कसं नांदलंय ते.
पाककृती हळदीच्या पानावर उघडते.
गाइडं पहिल्या वीस पानांत झिजतात, पुढं करकरीत कोरी.

हे एक मात्र चौथ्यांदा आलंय.
लढाईवरची कादंबरी. विनोदी, म्हणे.
पहिली शिवण माझ्या बापाची, जुजबंदी, अजून शाबूत.
मी दोरा बदलला, पुठ्ठा बदलला, कण्याला दुहेरी कापड लावलं,
तरी टेबलावर सोडलं की तिथंच उघडतं:
पान एकशे सत्त्याऐंशी.

म्हणून यंदा वाचलं.

एका साहेबाच्या हातून नकाशावर चहा सांडतो.
डाग वाळतो. दुसरा साहेब त्याला टेकडी समजतो.
मग त्या टेकडीवर तीन महिने तोफा चालतात,
अर्ज जातात, तीन प्रतींत,
टेकडी सापडत नाही म्हणून एका खेचराचं कोर्ट मार्शल होतं,
आणि शेवटी ती सर केल्याबद्दल
बिल्ले वाटले जातात. दोन कमी पडतात, त्यावरून भांडण.
मी हसलो. सुई बोटात गेली तरी हसलो.

एकशे सत्त्याऐंशीवर एक कारकून
मेलेल्यांच्या घरी पत्रं लिहायला बसतो.
नाव. गाव. बापाचं नाव.
मृत्यूचं ठिकाण, या रकान्याशी टाक थांबतो.

एवढंच आहे त्या पानावर.

कॉलेज रोडचे एक सर परवा प्रबंध बांधायला आले होते.
म्हणाले, अभिजात म्हणजे कालातीत.
मी म्हटलं, सर, असेल,
पण काळ तर सगळा याच्यावरच सांडलाय.
हे बघा, एकशे शहाऐंशीपर्यंत
वरचे कोपरे अंगठ्यानं काळे. लोक भराभर उलटत होते, हसत होते.
या पानाचा कोपरा स्वच्छ.
मळ खाली आहे, समासात, तळहाताचा.
पान दाबून धरलं होतं. कितीजणांनी, कोण जाणे.
सरांनी चष्मा काढला, पुसला,
आणि प्रबंधाचा पुठ्ठा निळाच हवा म्हणाले.

त्याच समासात पेन्सिलीनं, बारीक:
'आमचाही नकाशा असाच होता.'
खाली सही नाही, पण अक्षर ओळखीचं आहे.
सुभेदार पुंजाजी वाघचौरे, तोफखाना, निवृत्त.
पेन्शनची पावतीवही माझ्याकडेच शिवतात.

आता कडा कापायला पुस्तक मशिनीत घातलं
तर अर्धा सेंटिमीटर जाणार. पेन्सिल जाणार.
भिकचंद म्हणाला, कापा की, नीट दिसेल.
मी नाही कापलं. राहू दे दातेरी.

संध्याकाळी सुभेदार आले, वहीसाठी.
बाकावर बसले, कोपऱ्यावरून चहा मागवला.
पुस्तक दाबात होतं. त्यांनी पाहिलं, बोलले नाहीत.
मीही नाही.
तेवढ्यात रेंजवर एक मोठा बार,
पाठोपाठ दुसरा. कप हिंदकळला,
खाली अंथरलेल्या पेपरावर तपकिरी गोल उमटला.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.
सुभेदारांनी पाठ ताठ केली, सलाम ठोकला:
"ताब्यात घ्या!"
आणि हसले, खोकला लागेपर्यंत,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
मी तांब्या पुढं केला.

डाग वाळायच्या आत पुसावा म्हणून फडकं उचललं
तर त्यांनी मनगट धरलं माझं.
घट्ट. बराच वेळ.