ओल

नवापूरच्या वखारीत
दासू वळवी फळीला आधी बोटांनी विचारतो,
मीटरला मागाहून.
"बारा टक्के म्हणतंय," मी सांगतो.
"म्हणू दे. जड आहे अजून."

पावसाळाभर छपराखाली थप्पी होती,
दोन फळ्यांत बोटभर पट्टी, वारा खेळावा म्हणून,
टोकांना मेण, नाहीतर सागाला चिरा पडतात.
मग भट्टी. मग रंधा.
भुसा पापण्यांवर बसला की कळतं
कोण सरळ वाढलं
आणि कोण उजेडासाठी वाकलं होतं.

सरळ त्याला हिरवा खडू, पहिला नंबर.
गाठ दिसली की तिसरा.

एका गाठीपाशी दासू थांबला.
फांदी जिवंतपणीच मोडलेली,
झाडानं ती गिळून टाकलेली,
भोवती रेषा वळसा घालून गेलेल्या,
नदी खडकाला जाते तशा.
"हिला काय लिहू?"
भिंतीवर शेठचे नियम आहेत.
त्यानं लाल खडू मारला, जरा हळू.

तिन्हीसांजेला ट्रक भरला.
दोरखंड, ताडपत्री, पासावर शिक्का,
भिवंडी.

उरलेल्या तिसऱ्या नंबरवर बसून
दासू नागलीची भाकर सोडतो.
मिरचीची पुडी
त्याच गाठीवर.