वीस लिटर

निहारच्या वाढदिवसाला कुणीतरी आणला,
मुरंब्याच्या बरणीत मावेल एवढ्या पाण्यात,
निळा, शेपूट दौतीत बुडवून काढल्यासारखं.
दुकानदार मुंजाजी म्हणाला,
"ह्या माशाला पाणी लई लागत नाही, ताई,
कमी पाण्यात राहतोय."

राहतो.
आपणही राहतोच की परभणीत
दहाव्या दिवशी येणाऱ्या नळावर.
किती लागतं,
ते कुठं कुणी विचारलं?

वसमत रोडच्या निसारभाईंकडून काच कापून घेतली.
वीस लिटर, म्हणजे लग्नात मागवतात तो एक जार.
वर झाकण, कारण हा उडी मारतो म्हणे.
स्वतःलाच पाहून कल्ले फुगवत बसेल
म्हणून मागच्या काचेला खाकी कागद,
वह्यांना घालतात तो.
बोअरचं पाणी नको, बादलीलासुद्धा पांढरी कडा धरतं.
नळाचं, दोन रात्री उघडं ठेवलेलं,
पावडरचा वास जाईपर्यंत.

मग महिनाभर टाकीत मासाच नाही.
वाळू, मंद फिल्टर, आणि रोज चिमूटभर खाणं,
डोळ्यांना न दिसणारे जीव
आधी राहायला यावेत म्हणून.
"रिकाम्या पाण्याला जेवू घालायलीस का गं?"
सासूबाई दारातूनच.
मासा तोवर बादलीत.
काढलेलं पाणी कढीपत्त्याला.
कढीपत्ता हातभर वाढला, तेव्हा त्या गप्प झाल्या.

जानेवारीत पहाट सहा अंशांवर आली.
कोर्टाच्या आवारातून बदामाची लाल पानं वेचली,
वाळवली, एक टाकलं.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.
हीटर सव्वीसवर.
त्या रात्री त्याला सोडलं.

तो आधी गोल फिरला, बादलीच्या मापानं.
पुन्हा गोल.
मग थांबला,
आणि एक सरळ रेघ मारली
पार पलीकडच्या काचेपर्यंत.

लाईट गेली की मी उठते,
टाकीभोवती निहारची जुनी गोधडी गुंडाळते.
नवरा कूस बदलतो, हसतो, झोपतो.

परवा पानाखाली फेस दिसला.
"साबण पडला बघ त्यात," सासूबाई म्हणाल्या.
साबण नाही, घर बांधलंय त्यानं,
एकेक बुडबुडा तोंडानं आणून.
"कुणासाठी? एकटाच तर आहे."
मला उत्तर आलं नाही.
त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या,
चष्मा काचेला टेकेपर्यंत.

आज नळाची पाळी.
पहाटे चारला बादल्यांच्या आवाजात
त्यांचाच आवाज आला:
"ह्यातली त्याची कोणती?"